मागणीने देश फुटत नाही

‘सोव्हिएत युनियनचे काय झाले ते विसरू नका.’ भील प्रदेशाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येते. जुलै २०२४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर मानगढच्या टेकडीवर मोठा मेळावा झाला. चार राज्यांतले आदिवासी जिल्हे जोडून वेगळे राज्य करा, ही जुनी मागणी तिथे नव्याने झाली. धुळे-नंदुरबार त्या नकाशात आहेत. तेव्हापासून साक्रीच्या बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीपासून धुळ्याच्या वकिलांच्या खोलीपर्यंत हा इशारा फिरतो आहे, आणि तो देणारी माणसे अडाणी नाहीत. म्हणूनच त्याचा समाचार घेणे भाग आहे.

तर्क थोडक्यात असा. मॉस्कोने लहानमोठ्या जमातींना स्वायत्त प्रदेश वाटून आपल्याच घरात सुरुंग पेरले. केंद्र ढिले पडताच ते उडाले आणि महासत्तेचे तुकडे झाले. तेव्हा अशी मागणी कोंबातच खुडावी. तिच्यावर चर्चासुद्धा करू नये, कारण चर्चेला बसले की मागणीला प्रतिष्ठा मिळते. आदिवासींना रस्ते द्या, आश्रमशाळा द्या, पण राज्याची भाषा बोलू देऊ नका.

मी भील प्रदेशाचा कार्यकर्ता नाही. त्या नकाशावर माझे आक्षेप आहेत आणि ते पुढे येतीलच. पण सोव्हिएत युनियनचा दाखला द्यायचा तर तो पुरा द्यावा. पुरा दिला की तो नेमका उलट बाजूने साक्ष देतो.

आधी साधी गोष्ट. १९९१ साली सोव्हिएत युनियन फुटले ते कोणी फोडले? जॉर्जियातल्या आबखाझियाने नाही, मोल्दोवातल्या गागाउझियाने नाही, अझरबैजानमधल्या काराबाखने तर नाहीच. ते फुटले पंधरा घटक प्रजासत्ताकांच्या सीमांवरून. या पंधरांना बाहेर पडण्याचा हक्क खुद्द सोव्हिएत राज्यघटनेच्या ७२व्या कलमाने दिलेला होता. रशिया, युक्रेन आणि बेलारूस या तीन मोठ्या स्लाव्ह प्रजासत्ताकांच्या नेत्यांनी डिसेंबर १९९१ मध्ये एकत्र बसून युनियन संपल्याचे जाहीर केले. म्हणजे घर मोडले ते थोरल्या भावांनी, आणि आपल्याकडे दोष येतो धाकट्या पोरांवर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

भारताच्या घटनेत असा हक्क कोणत्याही राज्याला नाही. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने तर देशाच्या अखंडत्वासाठी भाषणस्वातंत्र्यावरही बंधने घालण्याची सोय केली, आणि त्याच काळात द्रमुकने वेगळ्या द्रविडनाडूची मागणी सोडली. उलट नवे राज्य करणे, सीमा बदलणे, नाव बदलणे यासाठी तिसरे कलम पहिल्या दिवसापासून आहे. त्या कलमाखाली राज्य मागणारा माणूस घटनेच्या दारातूनच आत येतो आहे. त्याला देश सोडायचा नाही, देशाच्या आतली मांडणी बदलायची आहे. हा फरक ज्यांना दिसत नाही, त्यांनी निदान सोव्हिएत उदाहरणात तरी तो पाहावा. तिथली एक अत्यंत रक्तरंजित लढाई नेमक्या अशाच मागणीतून पेटली.

नागोर्नो-काराबाख. अझरबैजानमधला डोंगराळ स्वायत्त प्रदेश, लोकसंख्येत सुमारे तीन चतुर्थांश आर्मेनियन. २० फेब्रुवारी १९८८ रोजी तिथल्या प्रादेशिक सोव्हिएतने ठराव केला की आम्हाला अझरबैजानमधून काढून आर्मेनियात घाला. सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडायचे असे त्या ठरावात अवाक्षर नव्हते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचे, एवढेच. बेळगाव, निपाणी, कारवारच्या मराठी माणसाने जे १९५६ पासून मागितले, तेच. मॉस्कोने दुसऱ्याच दिवशी मागणी फेटाळली. चर्चा नाही, आयोग नाही, सीमा तपासणार कोणी नाही. आठवडा उलटला आणि अझरबैजानच्या सुमगाईत शहरात आर्मेनियनांची कत्तल झाली. मग १९८९ च्या जानेवारीत काराबाख थेट मॉस्कोच्या अखत्यारीत घेतला आणि नोव्हेंबरात परत अझरबैजानच्या हवाली केला. १९९१ मध्ये अझरबैजानने त्याची स्वायत्तताच रद्द केली. मग उघड युद्ध, मे १९९४ मध्ये शस्त्रसंधी, २०२० मध्ये पुन्हा चव्वेचाळीस दिवसांचे युद्ध, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये एका दिवसाच्या कारवाईनंतर लाखाहून अधिक आर्मेनियन घरदार टाकून निघून गेले. त्याआधी पहिल्या युद्धात लाखो अझरबैजानी असेच उठले होते.

‘कोंबातच खुडा’ हा सल्ला मॉस्कोने तंतोतंत पाळला होता. फळ समोर आहे.

दुसरे उदाहरण दक्षिण ओसेशियाचे. तिथे स्वायत्त प्रदेश होता. डिसेंबर १९९० मध्ये जॉर्जियाच्या नव्या राष्ट्रवादी सरकारने तो एका ठरावाने मोडीत काढला. कारण आपल्या टपरीवर ऐकू येते तेच: स्वायत्तता म्हणजे फुटीची पहिली पायरी. महिन्याभरात गोळीबार सुरू झाला. १९९२ मध्ये शस्त्रसंधी झाली, २००८ मध्ये रशियन रणगाडे आले, आणि तो प्रदेश जॉर्जियाच्या हातून गेला. त्याच जॉर्जियात अजारिया नावाचा दुसरा स्वायत्त प्रदेश होता. त्याची स्वायत्तता कोणी काढून घेतली नाही. तिथल्या संस्थानिकासारख्या पुढाऱ्याशी राजधानीचे भांडण झाले ते २००४ मध्ये, आणि युद्धाशिवाय मिटले. अजारिया आजही जॉर्जियात आहे. सुरुंग स्वायत्ततेत असता तर दोन्हीकडे उडायला हवा होता. उडाला तिथेच, जिथे दिलेले परत घेतले.

तिसरी जोडी याहून बोलकी आहे. मार्च १९९२ मध्ये रशियाने आपल्या घटक प्रदेशांशी संघराज्याचा करार केला. दोघांनी सही केली नाही: तातारस्तान आणि चेचन्या. तातारस्तानात तर त्याच महिन्यात सार्वमत झाले आणि सुमारे ६१ टक्के लोकांनी सार्वभौमत्वाच्या बाजूने कौल दिला. ‘देशद्रोह’ म्हणून फौज पाठवायला यापेक्षा मोठे निमित्त कोणते? पण तातारस्तानशी बोलणी चालू राहिली. तेल कोणाचे, कर किती जायचा, भाषा कोणती, यावर घासाघीस झाली आणि १५ फेब्रुवारी १९९४ रोजी रशियाचे अध्यक्ष येल्तसिन आणि तातारस्तानचे अध्यक्ष शाइमियेव यांनी करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी ११ डिसेंबरला रशियन फौजा चेचन्यात घुसल्या. ग्रोझनी शहराचे ढिगारे झाले, १९९६ मध्ये तह झाला, १९९९ मध्ये पुन्हा युद्ध. कबूल, चेचन नेत्यांनी १९९१ मध्येच स्वातंत्र्य पुकारले होते आणि त्यांच्या हाती शस्त्रे होती. दोन्ही ठिकाणचे पुढारी सारखे नव्हते. पण तातारस्तानची राजधानी काझानवर गोळा पडला नाही तो तातारांची मागणी मवाळ होती म्हणून नव्हे. टेबल उलटले नाही म्हणून पडला नाही.

आता गागाउझियाकडे येतो, कारण आपल्याकडे ज्या गोष्टीचे कोणाला नावही माहीत नाही, तिथेच खरे शिकण्यासारखे आहे. मोल्दोवाच्या दक्षिणेला गागाउझ लोक राहतात. भाषा तुर्की कुळातली, धर्म ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, वस्ती दीड लाखाच्या आसपास, जमीन दुष्काळी. १९९० मध्ये त्यांनी आपले वेगळे प्रजासत्ताक जाहीर केले. मोल्दोवातून हजारो स्वयंसेवक त्यांना ‘धडा शिकवायला’ बसगाड्या भरून निघाले आणि रक्तपात थोडक्यात टळला. चार वर्षे तणातणीत गेली. मग २३ डिसेंबर १९९४ रोजी मोल्दोवाच्या संसदेने कायदा केला: गागाउझियाची स्वतःची लोकसभा, थेट निवडून येणारा प्रमुख, तो देशाच्या मंत्रिमंडळाचा सदस्य, आणि तीन अधिकृत भाषा.

पण सीमा कोणती? कोणाच्या बाजूचा इतिहास खरा, कोणाचा पूर्वज आधी आला, हा वाद सुरू केला असता तर आजही तो चालू राहिला असता. त्यांनी गावाला विचारले. जिथे गागाउझ निम्म्याहून जास्त, ते गाव आपोआप आत. जिथे कमी, तिथे एक तृतीयांश मतदारांनी मागणी केली तर गावात मतदान. ५ मार्च १९९५ रोजी मतदान झाले. तीन शहरे आणि सत्तावीस गावांनी आत यायचे ठरवले. बाकीच्यांनी नको म्हटले, त्यांना कोणी ओढले नाही. त्यामुळे आजचा गागाउझिया नकाशावर सलग नाही, तुकड्यातुकड्यांचा आहे. मध्येच दुसऱ्यांची गावे लागतात. नकाशाच्या शौकिनांना तो ओंगळ दिसेल. पण त्या ओंगळ नकाशासाठी एकही युद्ध झालेले नाही.

इथे प्रतिपक्ष म्हणेल, गागाउझियातही सगळे आलबेल नाही. खरे आहे. पैशावरून, अधिकारावरून राजधानीशी कुरबुरी आहेतच. तिथल्या तेव्हाच्या प्रमुख एवगेनिया गुत्सुल यांना पक्षाच्या बेकायदा निधीच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली, त्यावरून मोर्चे निघाले. पण भांडण कोर्टात आणि रस्त्यावर चालले आहे, खंदकात नाही. तोडगा म्हणजे भांडण संपणे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या जिल्हा परिषदेची एक सर्वसाधारण सभा पाहून यावी. तोडगा म्हणजे भांडणाला ठरलेली जागा, ठरलेले नियम आणि मधे बसणारा असा कोणी, की ज्याचा त्या वादात हात नाही.

मधे कोण बसतो, हीच या सोव्हिएत वादांतली सर्वांत मोठी मेख होती. मोल्दोवाच्याच पूर्वेला ट्रान्सनिस्ट्रिया आहे. १९९२ मध्ये तिथे लढाई झाली, रशियाच्या चौदाव्या सैन्याने तिच्यात भाग घेतला, आणि जुलैमध्ये शस्त्रसंधी झाल्यावर तोच रशिया शांतिसैनिक म्हणून बसला. तीस वर्षे उलटली, सैन्य तिथेच आणि वादही तिथेच. आबखाझियातही हेच झाले. काराबाखसाठी तर रशिया, फ्रान्स आणि अमेरिका असे तीन बडे देश मध्यस्थांचे प्रमुख होते. बैठका तीस वर्षे झाल्या, पण ज्या गावांतून माणसे उठली त्या गावांना कोणी विचारले नाही. पंच स्वतःच फिर्यादी असेल, किंवा पंचाला गावच माहीत नसेल, तर निवाडा होत नाही, तारखा पडतात.

आता घरी येऊ. भारताला या बाबतीत कोणाकडून शिकवणी घ्यायची गरज नव्हती. आपण ही गोष्ट एकेकाळी चांगली करत होतो. सुरुवात मात्र याच धाकाने झाली होती. १९४८ मध्ये दार आयोगाने भाषावार राज्यांविरुद्ध अहवाल दिला. कारण काय? देशाची एकात्मता धोक्यात येईल. पुढच्या वर्षी नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीने त्याच सुरात सावधगिरीचा इशारा दिला. आज भील प्रदेशाला जे जे ऐकवले जाते, ते ते सगळे संयुक्त महाराष्ट्राला ऐकवून झाले आहे. फुटीर, संकुचित, देशापेक्षा प्रांत मोठा मानणारे! शंभरावर माणसांचे बळी गेल्यावर १ मे १९६० ला राज्य मिळाले. महाराष्ट्र झाल्याने भारत दुबळा झाला का? झाला नाही, हे ज्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यानेच दुसऱ्याला तोच धाक घालावा, हे कोणत्या तोंडाने?

मिझोरामचे उदाहरण तर सोव्हिएत पंडितांनी रोज वाचावे. तिथे बंडखोरांनी नुसते राज्य मागितले नव्हते, त्यांना देश सोडायचा होता. १९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटने बंड केले, ऐझॉलवर भारतीय हवाई दलाच्या विमानांनी हल्ला केला. वीस वर्षांनी, ३० जून १९८६ ला, करार झाला. जंगलातला बंडखोर लालडेंगा मुख्यमंत्री झाला आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला. ज्याने बंदूक उचलली त्याच्याशी आपण बोललो. मग मानगढच्या टेकडीवर नुसता झेंडा घेऊन जमलेल्यांशी बोलायला कसली भीती?

आणि मध्यस्थाचा आदर्श हवा असेल तर तो आमच्या खानदेशाच्या राजकारणातच सापडतो. हरी विनायक पाटसकर १९५२ मध्ये जळगावमधून लोकसभेवर निवडून गेले, पुढे मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा वाद त्यांच्याकडे आला. तिरुत्तणी, चित्तूर, चिंगलपेटच्या गावांवरून दोन्हीकडे आंदोलने पेटली होती. पाटसकरांनी आधी नियम ठरवला, मग रेषा ओढली: घटक तालुका नाही, गाव. भाषिक बहुसंख्या पाहायची. गाव लगतच्या हद्दीला जोडलेले हवे. तिरुत्तणी मद्रासकडे आले, काही गावे आंध्रकडे गेली, संसदेने कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून नवी सीमा अमलात आली. दोन्ही राज्यांनी ती मानली. बेळगावच्या वादात महाराष्ट्र आजही ‘पाटसकर सूत्र लावा’ म्हणतो, ते याच सूत्राला.

एक महिन्याने, १ मे १९६० ला, खानदेशात काय झाले? मुंबई राज्याची फाळणी करणाऱ्या कायद्याने तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली गावे तोडून गुजरातला दिली. आजचे उच्छल, निझर हे त्या पट्ट्यातलेच. डांग जिल्हा पूर्णच गुजरातकडे गेला. डांगबद्दलचे मत तर १९४९ मध्येच ठरले होते: मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी एक दौरा केला आणि डांगचा महाराष्ट्राशी संबंध नाही असे सांगितले. भांडण मराठी पुढारी आणि गुजराती पुढारी यांच्यात होते. कोकणा, भील, वारली, मावची यांच्यापुढे प्रश्न ठेवलाच गेला नाही. दोन सावकार आपसांत वाटणी करतात आणि कुळाला ती नंतर कळते, तसे झाले. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आजही डोंगऱ्या देवाला बसणारा कोकणा आणि सीमेपलीकडे डांगात बसणारा त्याचा सोयरा एकच देव पूजतात. एकाचे कागद मराठीत, दुसऱ्याचे गुजरातीत.

तेव्हा भील प्रदेशाची मागणी आभाळातून पडलेली नाही. ती या वाटणीतून आली आहे. आणि तिच्याही आधीची एक परंपरा आहे. १८२५ मध्ये इंग्रजांनी खानदेशात भिल्लांसाठी एजन्सी नेमल्या, इंग्रज अधिकारी आउट्रमने भिल्लांची पलटण उभी केली, काही नाईकांना माफी आणि नेमणुका दिल्या. पण जंगल आणि घाटावरचा हक्क परत दिला नाही. १८५७ मध्ये भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक उठला. नोकरी देऊन हक्काचा प्रश्न मिटत नाही, हे कळायला इंग्रजांना तीस वर्षे लागली. आपल्याला किती लागणार?

‘विकास द्या, राज्य नको’ म्हणणाऱ्यांना मी एक फाइल उघडून बघायला सांगेन. साक्री तालुक्यातल्या कोणत्याही पाड्यावरचा वनहक्काचा दावा घ्या. २००६ च्या कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंतचा पट्टा मिळायला हवा. फाइलीत सर्वांत वर असतो तो ग्रामसभेचा ठराव. खाली वनहक्क समितीचा पंचनामा, जाणत्या म्हाताऱ्याचा जबाब, मोजणीचा नकाशा. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या, घडीवर फाटलेल्या फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या. बापाने ‘अतिक्रमण’ केले म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकात दंड भरला, ती पावती. तीच आज मुलाच्या ताब्याचा पुरावा. ज्या खात्याने त्याला चोर ठरवले, त्याच खात्याच्या कागदाने तो मालक ठरणार. आणि तरीही दावा उपविभागीय समितीकडून जिल्हा समितीकडे, तिथून परत, असा फिरतो. फेटाळला तर कारण एका ओळीचे: पुरावा अपुरा. मंजूर झाला तर क्षेत्र कसतो त्याहून कमी, आणि सातबाऱ्यावर नाव नीट न चढल्याने सोसायटीचे पीककर्ज अडलेले. याच कागदासाठी मार्च २०१८ मध्ये हजारो माणसे नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेली, पायांना फोड आले. आश्वासने मिळाली, आणि तरी नंतरही मोर्चे निघतच राहिले.

हा माणूस भील प्रदेशाच्या सभेला जातो तेव्हा त्याला रशियाचा नकाशा ठाऊक नसतो. त्याला एवढेच वाटते की आपले सरकार असते तर ही पिशवी एवढी फिरली नसती.

आणि हे फक्त भील प्रदेशवाल्यांचे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नाशिकच्या सुरगाण्यातल्या सीमेवरच्या गावांनी ‘आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या’ असे निवेदन दिले. रस्ते, दवाखाना, पाणी हे कारण. त्याच सुमारास सांगलीच्या जत तालुक्यातली गावे कर्नाटकची भाषा बोलू लागली. त्यांची तक्रार पाण्याची होती. सीमेचा मुद्दा निघाल्याबरोबर मुंबईची यंत्रणा खडबडून जागी झाली, म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेच्या फायली हलल्या. धडा काय मिळाला? वर्षानुवर्षे पाणी मागा, कोणी ऐकत नाही. सीमा ओलांडण्याची धमकी द्या, लगेच ऐकतात. फुटीरतेची शाळा कोण चालवते आहे, हे यावरून ठरवावे.

याहून वाईट म्हणजे जी हत्यारे आपल्याच कायद्यात आहेत ती गंजत पडली आहेत. पाचवी अनुसूची आहे, राज्यपालांना त्यात विशेष अधिकार आहेत. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला गौण वनोपज, जमीन, पाणी, बाजार यांवर अधिकार देतो. महाराष्ट्राने त्याचे नियम केले २०१४ मध्ये, अठरा वर्षांनी. साक्री तालुक्याचीच स्थिती पाहा: काही गावे अनुसूचित क्षेत्रात, काही बाहेर, विधानसभेची जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव, जिल्हा धुळे, पण खासदार नंदुरबारचा. १९९८ मध्ये जिल्हा फोडून नंदुरबार वेगळा केला, तेव्हा कोणाला सोव्हिएत युनियन आठवले नाही. सीमा प्रशासनाच्या सोयीने हलली तर सुधारणा, आदिवासीच्या मागणीने हलवायची म्हटली तर देशद्रोह, हा न्याय कुठला?

झारखंडात २०१७-१८ मध्ये काय झाले ते आठवा. खुंटी भागातल्या गावांनी पेसा कायद्यातली आणि घटनेतली कलमे दगडांवर कोरून वेशीवर उभी केली. त्या पत्थलगडी आंदोलनात कायद्याचा अर्थ लावण्यात चुका होत्या, काही दावे अतिरेकीही होते. त्याचे उत्तर म्हणून गावेच्या गावे राजद्रोहाच्या गुन्ह्यात अडकवली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारला ते गुन्हे मागे घेण्याचा निर्णय करावा लागला. घटना दगडावर कोरणाऱ्याला घटनेचा शत्रू ठरवणे, याला काय म्हणावे?

आता भील प्रदेशवाल्यांशीही दोन हात. झारखंडचेच उदाहरण त्यांनाही लागू आहे. १५ नोव्हेंबर २००० ला राज्य झाले, आदिवासी मुख्यमंत्री झाले, म्हणून खाणीखाली गेलेल्या गावांचे विस्थापन थांबले नाही. राज्य हा शेवट नाही. दुसरे, तुमचाही नकाशा वरून खाली आला आहे. चार राज्यांतले जिल्हे रंगवले आणि त्याला एकच नाव दिले. साक्रीच्या पश्चिमेचा कोकणा स्वतःला भील म्हणवत नाही. शिरपूर-शहाद्याच्या पावऱ्याची बोली वेगळी, नवापूरच्या मावचीची वेगळी. काटवान आणि माळमाथ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा अहिराणी बोलणारा शेतकरी, माळी, दलित, मुस्लिम यांना तुम्ही काय विचारले? १९६० मध्ये मुंबईने तुम्हाला विचारले नाही ही तुमची तक्रार रास्त आहे. तीच तक्रार उद्या दुसऱ्याने तुमच्याविरुद्ध करू नये, एवढी काळजी घेणे तुमच्याच हिताचे आहे. शिवाय नव्या राज्याची राजधानी बांसवाडा-उदयपूरच्या बाजूला गेली तर साक्री तालुक्यातल्या कुडाशीच्या माणसाला मुंबईपेक्षा ती जवळ पडेल, याची हमी कोण देतो?

या आक्षेपांना उत्तरे असतीलही. पण ती उत्तरे कुठे द्यायची? मुद्दा इथेच अडतो. तिसऱ्या कलमाप्रमाणे राष्ट्रपती विधेयक संबंधित विधानसभेकडे मतासाठी पाठवतात आणि मग ते संसदेत येते. ते मत बंधनकारक नाही. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक नाकारले तरी तेलंगण झाले. म्हणजे विधानसभेलाही शेवटचा शब्द नाही आणि ग्रामसभेला तर पहिलाही नाही. ज्या गावांची वाटणी होणार त्यांचे म्हणणे नोंदवणारी कोणतीही यंत्रणा आपल्याकडे नाही. बेळगावचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो या उणिवेचाच परिणाम.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. चारही राज्यांच्या आदिवासी सीमापट्ट्यासाठी केंद्राने एक आयोग नेमावा, त्यात या चारही सरकारांचा माणूस नसावा. त्याने अनुसूचित क्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामसभेचे म्हणणे तिच्या बोलीत ऐकावे आणि लिहून घ्यावे: वनहक्क, पाणी, शाळेची भाषा, सीमेपलीकडचे नाते, आणि हो, राज्यसुद्धा. ‘राज्य नको’ असा कौल आला तर तोही तितक्याच मोठ्या अक्षरात छापावा. पाटसकरांप्रमाणे नियम आधी ठरवावेत, रेषा नंतर. आणि आयोगाचा अहवाल येईपर्यंत पेसा आणि वनहक्काची थकलेली कामे मुदत घालून पुरी करावीत, म्हणजे उपाशी पोटी नकाशा रंगवण्याची पाळी कोणावर येणार नाही.

यातून भील प्रदेश होईल का? कदाचित होईल, कदाचित गावेच नको म्हणतील. मला दोन्ही मान्य आहे. मला मान्य नाही ते एकच: न ऐकता नाही म्हणणे. काराबाखला न ऐकता नाही म्हटले होते. साक्रीला तसे म्हणण्याचा अधिकार मुंबईला नाही, दिल्लीला नाही, आणि मॉस्कोचा दाखला देणाऱ्यांना तर मुळीच नाही.